कोष्टिणीच्या धाब्यावरचं ऊन

एका गावात एक कोष्टीण राहत होती, आणि तिच्या घरात भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. तिचं नाव हौसा. कुणी म्हणेल, घराला खिडकी नव्हती का? नव्हती. तिच्याच काय, त्या गावातल्या एकाही घराला नव्हती. सगळं गाव विणकरांचं, आणि रेशमाचा धागा म्हणजे भारी लाडावलेलं लेकरू. गरम वारा लागला की तो कोरडा पडतो, कोरडा पडला की तुटतो, आणि ऊन लागलं की त्याचा रंग उडतो. म्हणून वाडवडिलांनी जाड मातीच्या भिंती घातल्या, वर मातीचंच सपाट धाबं घातलं, एक बुटकं दार ठेवलं आणि आत माग मांडला. धागा सुखी झाला. माणसांनी अंधारात डोळे फोडून घेतले, पण कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर समोरच्याचं तोंड तरी दिसायला हवं ना.

त्या गावात एक नियम होता आणि तो पोरांना बाराखडीच्या आधी शिकवत. चांगल्या वस्तूला ऊन दाखवायचं नाही. रंगवलेलं सूत सावलीत वाळवायचं, नवं लुगडं संदुकीत ठेवायचं. इथवर ठीक होतं. पण नियमाला पाय फुटले की तो कुठवर जाईल सांगता येत नाही. हळूहळू लोक नवी घागरही फडक्याखाली झाकून आणू लागले. नवी नवरी गावात आली की चौघीजणी तिच्यावर चादर धरत. एका गृहस्थाने तर बाजारातून नवी छत्री घेतली आणि तिला ऊन लागू नये म्हणून काखेत दाबून, स्वतः घामाघूम होत घरी आणली. गावाने त्याचं कौतुकच केलं.

घरात उजेड काय तो रॉकेलच्या चिमणीचा. चिमणीचा स्वभाव कंजूष. उजेड देईल चिमूटभर आणि धूर देईल पसाभर. गावातली माणसं मागावर बसून खोकत, डोळे चोळत आणि पुन्हा आडव्या धाग्याचा धोटा फेकत. धुराची काजळी कापडावरही बसे, पण लुगडी गडद रंगाची असत, जांभळी, काळी, गर्द हिरवी. त्यात ती खपून जाई.

वर्षातून एकच वस्त्र असं होतं, ज्यात काजळी खपत नसे. गावाबाहेरच्या टेकडीवर देवीचं देऊळ होतं. चैत्री पौर्णिमेला तिची जत्रा भरे आणि त्या दिवशी देवीला नवं महावस्त्र नेसवत. फिकट पिवळं, चाफ्याच्या फुलासारखं, आणि लाल काठाचं. ते विणायचा मान पाळीपाळीने एकेका घराला मिळे. त्याचा माग वेगळा, दिवसा जाड कापडाने झाकलेला. विणायचं तेही दिवसभराचं पोटापाण्याचं काम उरकून, अंघोळ करून, दिवेलागणीनंतर. जत्रेला ते वस्त्र देवळाच्या पायरीवर भर उन्हात उलगडत. रेशमाला ऊन दाखवायची तेवढी एकच वेळ, आणि तीही डाग शोधायला. डाग सापडला तर देवी जुनंच वस्त्र नेसे आणि त्या घराची पाळी जाई.

हौसाच्या सासूची पाळी अशीच गेली होती. हौसा तिला आत्याबाई म्हणे, आणि तिच्यामागून सारं गावही. आत्याबाईंसारखा हात गावात दुसरा नव्हता. त्यांनी विणलेला काठ पाहायला लोक शेजारच्या गावाहून येत. पण त्यांच्या पाळीच्या वर्षी एका संध्याकाळी दारातून वारा आला, चिमणी भडकली आणि काजळीचा ढग पदरावर जाऊन बसला. अंधारात त्यांना तो दिसलाच नाही. दिसला तो पायरीवर, उन्हात, सगळ्या गावासमोर. आत्याबाईंनी मुकाट्याने वस्त्राची घडी घातली, टेकडी उतरल्या, आणि त्यानंतर कधी जत्रेला गेल्या नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांनी काळी आणि जांभळी लुगडी विणली. फिकट रंगाचा धागा हातात घेतला नाही.

अनेक वर्षं पाळी त्यांचं दार टाळून पुढे जात राहिली. मग हौसा सून म्हणून आली, तिच्याही हाताचं नाव झालं, आणि यंदा विणकरांच्या कारभाऱ्याने मान पुन्हा या घराला दिला. कारभारी म्हणजे गावातला सर्वांत मोठा विणकर. शब्दाचा पक्का, मनाने वाईट नाही, पण एकदा बोलला की दगडावरची रेघ. त्याने जाताना बजावलं की या खेपेलाही डाग निघाला, तर या घराचं नाव पाळीतून कायमचं जाईल.

हौसाने मान डोलावली. तिला स्वतःची एवढी भीती वाटली नाही. पण रात्री जेवणं झाल्यावर तिने पाहिलं, आत्याबाई कोपऱ्यात बसून त्या पिवळ्या रेशमाच्या लडीवरून हळूच अंगठा फिरवत होत्या. कुणी बघतंय असं वाटताच त्यांनी हात मागे घेतला. त्या क्षणी हौसाने ठरवलं, काही होवो, हे वस्त्र डागाविना देवीच्या अंगावर जाईल आणि आत्याबाई ते डोळ्यांनी पाहतील.

त्याच सुमाराला गावात एक कारागीर आला. त्याच्या गाडीत चकचकीत काळ्या पाट्या होत्या. ही सोलरची पाटी धाब्यावर ठेवायची, तिची तार घरात बॅटरीला जोडायची, की सूर्य मावळल्यावर सूर्याचाच दिवा घरात लागतो, असं त्याने सांगितलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग त्याने एका घरात दिवा लावून दाखवला. पंचांनी एकमताने घरटी एक पाटी घेतली आणि कारागिराने दारोदार जाऊन त्या बसवल्या.

पहिल्या संध्याकाळी गावात नुसता धिंगाणा झाला. धूर नाही, वास नाही, आणि माग असा लख्ख दिसतोय की धागा न् धागा मोजून घ्यावा. आत्याबाईंनी तर दिव्याखाली हौसाची हनुवटी धरून तिचं तोंड नीट निरखलं.

"तुझ्या नाकावर तीळ हाय व्हय गं? इतकी वर्सं कुनी सांगितलं न्हाई मला."

हौसा हसली. तिचा नवरा सोपानही हसला. हा सोपान गावचा रंगारी. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, कुठलाही प्रश्न विचारला तर आईला विचार म्हणायचा. पण रंगाच्या बाबतीत मात्र त्याला कुणी बोट दाखवलेलं चालत नसे.

निघताना कारागिराने चावडीवर सगळ्यांना जमवून सांगितलं, की ऊन हेच या पाटीचं अन्न आहे. दिवसभर तिला पोटभर ऊन खाऊ द्या, रात्री ती तुम्हाला उजेड देईल. आणि शेवटी म्हणाला, की वस्तू किमती आहे, नीट जपा. एवढं बोलून तो गाडी हाकत पुढच्या मुलखाला निघून गेला.

त्याच्या सगळ्या बोलण्यातलं गावाने नेमकं शेवटचंच उचललं. नीट जपा. जपायचं कसं हे या गावाला कुणी शिकवायची गरज होती का? कारभाऱ्याने तिथल्या तिथे निवाडा दिला. कारागीर भला माणूस, पण बाहेरचा. उन्हाचे चटके काय असतात ते विणकराला विचारा. तान्ह्या बाळाला आपण कोवळं ऊन देतो, भरदुपारी उघड्यावर टाकत नाही. तसंच या पाटीचं करायचं. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं आणि ऊन चढलं की झाकायचं.

सगळ्यांना हे पटलं. पटणारच. शहाणपणाचं होतं, फक्त लेकराच्या बाबतीत.

मग गावात झाकणांची चढाओढ लागली. ज्याचं झाकण भारी त्याचं घर भारी. कुणी झालर लावली, कुणी कलाबूत लावली. कारभाऱ्याने आपल्या पाटीवर मोरांच्या काठाचं गर्द निळं वस्त्र घातलं. आत्याबाईंनी संदूक उघडून डाळिंबी रंगाचं जाड रेशीम काढलं. ते त्यांनी स्वतः विणलेलं होतं आणि सोपानने रंगवलेलं होतं. रोज सकाळी बायका धाब्यावर जात, पाटीवरचं झाकण काढत, तिला ओल्या फडक्याने पुसत. काहीजणी तर दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्यावर काजळाची तीट लावत. ऊन जरा तापलं की कारभारी आपल्या धाब्यावरून हाळी देई, "झाका!" आणि गावातल्या सगळ्या पाट्या एका दमात पांघरुणाखाली जात.

कारागिराने भरून दिलेल्या बॅटऱ्या पुरल्या, तोवर दिवे छान जळले. त्यानंतर ते पेंगू लागले. आधी झोपायच्या वेळेला, मग जेवणाच्या वेळेला, आणि मग असं झालं की दिवा लावून देवाला हात जोडावेत, डोळे उघडावेत तोवर दिवा गेलेला. गाव वैतागलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या. कारागिराने फसवलं यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि गंमत पाहा, फसवणारी वस्तू म्हणूनसुद्धा कुणी तिला झाकायचं सोडलं नाही. पांघरूण घालायचं ते घालतच राहिले. घराघरात चिमण्या पुन्हा धुमसू लागल्या.

हौसाचं मात्र अडलं. इतरांनी चिमणी लावली तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिने लावली तर चाफ्याच्या रंगावर काजळी बसणार होती. ती रोज दिवेलागणीला अंघोळ करून मागावर बसे, दिवा लावी, चार बोटं विणून होत न होत तोच दिवा मान टाकी. मग ती अंधारात तशीच बसून राही. धोटा हातात, आणि हाताला काम नाही. जत्रा तोंडावर आली, वस्त्र अर्ध्यावरही नव्हतं.

एका संध्याकाळी कारभारी पाहायला आला. त्याने विणलेल्या भागावर वितीने माप घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. चिमणी का लावत नाहीस, असं त्याने विचारलं. हौसाने सासूकडे पाहिलं.

"मला समजतंय," कारभारी म्हणाला. "पर जत्रंला देवीला काय नेसवायचं? उद्या सांजच्याला मी दोन मानसं घेऊन येतो. चिमणी लावून विणायला बसली असशील तर बस. न्हाईतर मागावरचा ताणाच उतरवून माझ्या घरी नेतो."

तो गेला. आत्याबाई म्हणाल्या, "नेऊ दे त्यांना. डाग लागून परत येन्यापरीस आधीच गेलेलं बरं."

त्यांचा आवाज इतका शांत होता की हौसाला तो सहन झाला नाही. ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. आपल्याला विणता येतं, हातात कसब आहे, धागा आहे, वस्त्र समोर आहे, आणि निव्वळ दिसत नाही म्हणून सगळं जाणार, याचा तिला फार राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धाब्यावर गेली. कामाला म्हणून नव्हे, घरात मागासमोर बसवेना म्हणून. पाटीवरच्या, रोजच्या काढघालीत कुणी निरखून न पाहिलेल्या डाळिंबी झाकणावर धुळीचा थर बसला होता, वर कावळ्याने आपला आहेर केला होता. आत्याबाईंच्या हातचं वस्त्र असं मळलेलं तिला बघवेना. धुवायला म्हणून तिने ते ओढून काढलं, झटकलं आणि खाली अंगणात घेऊन आली. अंगणात सोपान रंगाच्या हंड्यापाशी बसला होता. त्याची नजर वस्त्रावर गेली आणि तो ताडकन उभा राहिला. कारण वस्त्राची वरची बाजू पार फिकट गुलाबी झाली होती. घडीच्या आत जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे मूळचा डाळिंबी रंग तसाच होता.

बायको रडली तरी न बोलणारा सोपान आता बोलला.

"माझा रंग असा उडत न्हाई. वर्सानुवर्सं उडत न्हाई. ह्यानं एवढं ऊन खाल्लं तरी कवा?"

हौसाने वस्त्र उलटून पाहिलं. पुन्हा सुलटून पाहिलं. सारं ऊन या रेशमाने खाल्लं होतं. रोज, दिवसभर, पोट फुटेस्तोवर. आणि ज्या पाटीचं ऊन हेच अन्न, ती खाली तोंड बांधून पडली होती. सकाळी तिला दोन घास भरवायचे आणि दिवसभर वर पांघरूण घालून म्हणायचं, बाई, तुझ्या अंगात जीव कसा नाही.

हौसाला एकदम हसू फुटलं आणि पाठोपाठ घाम फुटला. कारण कळलं होतं ते खरं की खोटं, हे पाहायला एकच दुपार उरली होती. पाटी भर उन्हात उघडी टाकायची. सगळ्या गावाच्या धाब्यांवरून ती दिसणार. कारभाऱ्याचा शब्द मोडणार. आणि उन्हाने ती खरोखरच तडकली, तर संध्याकाळी चार बोटं विणण्यापुरताही दिवा मिळणार नाही. मग सगळं तिच्याच हाताने गेलं, असंच गाव म्हणणार.

ती वस्त्र घेऊन सासूपुढे बसली. कोणता रंग कुठे गेला ते दाखवलं, कारागीर काय म्हणाला होता ते पुन्हा सांगितलं. आत्याबाई वस्त्राचा फिका भाग आणि गडद भाग आलटून पालटून पाहत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी सुनेला, लेकाला, शेजारपाजारच्या पोरींना एकच गोष्ट शिकवली होती, चांगल्या वस्तूला ऊन दाखवू नको.

"आन् पाटी तडकली तर?" त्यांनी विचारलं.

"तर मान जातोय, आत्याबाई. न्हाई उघडली तरी जातोयच की."

आत्याबाई उठल्या. हौसाला वाटलं, आता वस्त्र परत वर घालायला लावणार. पण त्यांनी डोक्यावर पदर नीट घेतला, कोपऱ्यातला पाट उचलला आणि जिना चढू लागल्या. वर जाऊन त्यांनी पाटीच्या शेजारी पाट मांडला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. चैत्राचं ऊन नुसतं आग ओकत होतं. तडकायला लागली तर पहिल्यांदा मला दिसेल, लगेच झाकता येईल, एवढंच त्यांनी सांगितलं आणि हौसाला पाणी आणायला पिटाळलं. गावाचा नियम कुणी असा अक्षरशः धाब्यावर बसवला असेल, तर तो आत्याबाईंनी.

हां हां म्हणता शेजारच्या धाब्यांवर डोकी दिसू लागली. म्हातारीला ऊन लागलं, म्हातारीचं डोकं फिरलं, अशी कुजबुज झाली. कारभारी त्याच्या धाब्यावर आला आणि त्याने तिथूनच हाळी दिली, "पाटी उघडी पडलीया तुमची!"

"दिसतंय मला," आत्याबाई म्हणाल्या. "तिच्याकडंच बघत बसलेय."

एवढ्या वर्षांत त्या गावासमोर इतक्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. कारभारी आला तसा खाली उतरून गेला. आत्याबाई मात्र दुपार टळेपर्यंत, उन्हं उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. हौसा मधूनमधून पाणी आणि ओलं फडकं घेऊन वर जाई आणि दोघी मिळून पाटीला हात लावून बघत. पाटी चांगलीच तापली होती. पण तडकायचं नाव नव्हतं.

दिवेलागण झाली. हौसाने अंघोळ केली, मागाला हात जोडले आणि बटण दाबलं. दिवा लागला. लागण्याचं काही नाही, तो रोजच लागत असे. तिने धोटा फेकला. चार बोटं विणून झाली, दिवा तसाच. वीतभर झालं, तरी तसाच. तिला आता दिव्याकडे बघायची भीती वाटू लागली, नजर लागेल म्हणून. ती फक्त धाग्याकडे बघत राहिली. आणि धागा दिसत होता. लाल काठाची एकेक वेल, वेलीचं एकेक पान, पिवळ्यावर लाल धागा कुठे बसतोय ते सगळं दिसत होतं. समोर बसलेल्या आत्याबाईही दिसत होत्या. त्या उन्हाने लालबुंद झाल्या होत्या आणि हसत होत्या.

ठरल्याप्रमाणे कारभारी दोन माणसं घेऊन आला. गल्लीत शिरताच त्याला दिसलं, हौसाच्या बुटक्या दारातून उजेडाचा पट्टा थेट समोरच्या भिंतीवर पडला होता. तो वाकून आत आला. चिमणी कुठे नव्हती. धुराचा वासही नव्हता. मागावर वस्त्र झरझर वाढत होतं आणि वर दिवा जळत होता, पहिल्या दिवशी जळला होता तसा. कारभाऱ्याने दिव्यापासून वर गेलेली तार निरखून पाहिली. त्याच्या माणसांनी ताणा बांधायला आणलेले दोर खाली टाकले.

"काय घातलंस गं ह्यात?" त्याने विचारलं.

हौसाने धोटा थांबवला.

"काही घातलं न्हाई, कारभारी. वरचं काढलं."

कारभारी ताणा न उतरवताच परत गेला. पण लगेच शहाणा झाला तर तो कारभारी कसला. एक दिवस जळला म्हणून काय झालं, चार दिवसांत पाटी करपेल, असं त्याने लोकांना सांगितलं. गाव वाट पाहू लागलं. दुसऱ्या दिवशी हौसाचा दिवा जळला. तिसऱ्या दिवशी जळला. शेजारणी मीठ मागायच्या निमित्ताने येत आणि दिव्याखाली उभ्या राहत. मग शेजारच्या धाब्यावरचं झाकण गुपचूप निघालं. त्याच्या शेजारचंही निघालं. आणि मग एकेक करत, कुणी लाजत, कुणी चोरून, कुणी नवऱ्याशी भांडून, सगळ्या गावाने पाट्या उघड्या केल्या. कारभाऱ्याची हाळी अजून रोज ठरल्या वेळी होई. ती ऐकून झाकायला फक्त त्याचीच पाटी उरली होती.

एका सकाळी तो धाब्यावर गेला, हाळी द्यायला तोंड उघडलं, आणि चहूकडे पाहिलं. सगळ्या धाब्यांवर काळ्या पाट्या ऊन खात पडल्या होत्या. त्याने हातातलं मोरांचं वस्त्र उलगडून पाहिलं. गर्द निळा रंग कधीच उडाला होता आणि मोरांचे बगळे झाले होते. शेजारच्या धाब्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कारभारी आधी लाल झाला, आणि मग स्वतःच इतका मोठ्याने हसला की खाली गल्लीतली कुत्री भुंकू लागली. त्याने वस्त्राची घडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की कारागिराचं ऐकायला कान होते, पण आपण आधीच शहाणे होतो, तिथे घोटाळा झाला.

महावस्त्र जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पुरं झालं.

चैत्री पौर्णिमेला हलगी वाजू लागली आणि गाव टेकडीकडे निघालं. हौसाने वस्त्र दुहेरी पांघरुणात गुंडाळून डोक्यावर घेतलं. तिला वाटलं होतं, आत्याबाईंना वर न्यायला हातापाया पडावं लागेल. पण दारात येऊन बघते तर त्या वहाणा घालून आधीच उभ्या होत्या. चढ चढताना त्या दोनदा थांबल्या. दम लागला म्हणून थांबल्या असं त्यांनी सांगितलं आणि हौसाने ते खरं मानलं.

देवळाच्या पायरीवर पंच उभे राहिले. भर दुपार होती. वस्त्राचं एक टोक हौसाने धरलं, दुसरं टोक सोपानने, आणि दोघांनी ते उन्हात उलगडलं. चाफ्याचा रंग असा उजळला की पुढच्या लोकांनी डोळे किलकिले केले. हलगी थांबली. कारभारी पुढे झाला, वाकला, पण वस्त्राला हात लावायच्या आधीच त्याने मागे वळून गर्दीत पाहिलं.

"आत्याबाई," तो म्हणाला, "ह्या गावात तुमच्यापरीस बारीक नजर कुनाची न्हाई. डाग तुम्ही शोधा."

गर्दी बाजूला झाली. आत्याबाई पायऱ्या चढल्या. त्यांनी पदराच्या टोकापासून सुरुवात केली, जिथे त्यांच्या वस्त्रावर काजळी सापडली होती. बोटाने एकेक वेल चाचपत, नाक कापडाला टेकेल इतकं वाकून, त्या वस्त्राच्या कडेने चालत गेल्या. सुनेच्या कामात दया दाखवायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. आत्याबाई शेवटच्या काठापर्यंत पोचल्या. मग परत फिरल्या आणि उलट्या बाजूने पुन्हा सगळं पाहिलं.

शेवटी त्या सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"डाग न्हाई," त्या म्हणाल्या.

हलगी अशी वाजली की टेकडी हादरली. लोकांनी गुलाल उधळला. बायकांनी हौसाला उचलायचंच बाकी ठेवलं. देवीला महावस्त्र नेसवायचा मान पंचांनी आत्याबाईंना दिला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने देवीच्या निऱ्या घातल्या, लाल काठ पायांवर नीट बसवला, पदर खांद्यावरून पुढे घेतला. हौसा शेजारी उभी राहून एकेक टाचणी देत होती. दोघींपैकी कुणाला आधी हसू आलं ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी देवीच्या गाभाऱ्यात सासू आणि सून पोट धरधरून हसल्या आणि पुजाऱ्यानेही त्यांना गप्प केलं नाही.

देवीची पालखी टेकडीवरून गावात उतरली तेव्हा दिवेलागण होत होती. त्या गावातल्या घरांना खिडक्या नव्हत्या, पण त्या संध्याकाळी प्रत्येकाने आपलं दार सताड उघडं टाकलं होतं. दोन्ही बाजूंच्या दारांतून गल्लीत उजेड सांडत होता आणि त्या उजेडातून पालखी पुढे चालली होती. पुढे कारभारी नाचत होता आणि पालखीला आत्याबाईंचा खांदा होता.

तात्पर्य: जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. ज्याला जे लागतं ते त्याला पोटभर मिळू द्यावं, मग ते आपलं घर उजळतं.